आभाळीची उंची

२ जानेवारी १९८२, शनिवार. दुपारी साडेबारा वाजता सुलभा निंभोरकर आमच्या कचेरीच्या दारातून मान वाकवून आत आली. दार सात फुटांचं होतं. वाकायची गरज नव्हती, पण ती प्रत्येक दारातून तशीच यायची.

"एक्केचाळीस पत्रं?" खुर्ची ओढायच्या आधीच तिनं विचारलं.

"आज सकाळपर्यंत त्रेचाळीस."

मी तेव्हा अमरावतीच्या 'दैनिक पयोष्णी'त उपसंपादक होतो. वय एकतीस. रविवारचं बालपान माझ्याकडे होतं आणि त्या पानावर सुलभाची चित्रमालिका सुरू होती, 'आभाळीचा शोध'. आभाळी म्हणजे राक्षसांच्या देशातली एक राक्षसीण. माणसांच्या गावांतून ती राहायला घर शोधत हिंडते, एवढीच गोष्ट. लिहायची सुलभा, चित्रंही तीच काढायची. दर्यापूरच्या भूमापन कचेरीत ती ट्रेसर होती. शेतांचे जुने नकाशे पारदर्शक कागदावर शाईनं उतरवून घ्यायचं तिचं काम. दर गुरुवारी एसटीच्या ड्रायव्हरकडे लिफाफा द्यायची, आमचा शिपाई तो स्टँडवर जाऊन आणायचा. नऊ महिन्यांत मी तिला समोरासमोर चार वेळा पाहिलं होतं. ही पाचवी.

पत्रांचा ढीग मी तिच्याकडे सरकवला. तिनं वरचं उचललं.

"'माननीय संपादक, आभाळी एका रविवारी विहीर पेल्यासारखी उचलते आणि दुसऱ्या रविवारी शाळेच्या व्हरांड्यात अडकते. मी पट्टीने मोजले. एक काहीतरी ठरवा. आपला, नितीन, इयत्ता पाचवी, मोर्शी.'" ती हसली. "याला आमच्या कचेरीत घ्यायला पाहिजे."

"अण्णासाहेब चिडलेत," मी म्हणालो. अण्णासाहेब आमचे संपादक. "चारच्या आत तक्ता हवाय. राक्षसांच्या उंचीचा. वर्ग पाडायचे आणि उद्याच्या पानावर छापून टाकायचा. म्हणजे पुन्हा कुणी पट्टी घेऊन बसणार नाही."

"वर्ग? पहिला, दुसरा, असे?"

"तसेच."

ती माझ्या शेजारी बसली. बसल्यावर आमची डोकी एका रेषेत यायची. ती आली की मी आधी तिला बसायलाच सांगायचो.

मी कोऱ्या कागदावर उभ्या रेघा मारल्या. वर्ग, उंची, शेरा.

"उंची फुटांत लिहून पोरांना काय कळणार?" ती म्हणाली. "त्याला काय करता येत नाही ते लिहा. लगेच कळतं."

"फूटही लिहू. नाहीतर आणखी पत्रं."

"बरं, लिहा. पहिला वर्ग. दारातून आत मावत नाही. ओट्यावर बसून जेवतो."

"बारा ते वीस फूट."

"दुसरा. कौलांवरून घरात डोकावतो. बायका ओरडतात."

"बायका ओरडतात हे तक्त्यात नको."

"ओरडतात पण."

"वीस ते चाळीस," मी लिहिलं.

तिसऱ्याला विहिरीवर रहाट लागत नाही, तो काठावर बसून ओंजळीनं पाणी पितो. चाळीस ते ऐंशी. चौथा देवळाच्या कळसाहून उंच. गाव दोन पावलांत संपतं म्हणून तो कुठल्याच गावात थांबू शकत नाही. ऐंशी ते अडीचशे. पाचव्यापाशी ती अडली. टेबलावर बोट फिरवत राहिली. नखाच्या कडेला ट्रेसिंगची काळी शाई कायमची बसलेली होती.

"पाचवा कुणाला दिसतच नाही," ती म्हणाली. "गाव त्याच्या सावलीत असतं. गावाला वाटतं, आज संध्याकाळ लवकर झाली."

"हे छापायचं?"

"हे छापाच."

मी लिहिलं.

"आणि आभाळी?" तिनं विचारलं.

"चौथ्यात. पहिल्या भागात ती कळसाला टेकून झोपली होती."

"बापरे, एवढी?"

"छापून गेलंय."

"छापून गेलंय म्हणजे झालंच," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "आणि दारातून वाकून आत येणारा? तो कोणत्या वर्गात?"

मी तक्त्यावरून डोळे उचलले नाहीत. "आत येतो?"

"येतो. वाकून."

"मग तो राक्षसच नव्हे. तक्त्यात बसत नाही. वगळा."

मी वर पाहिलं तेव्हा ती माझ्याकडेच पाहत होती आणि चेहऱ्यावर हसू होतं. कशाचं, ते मी तेव्हा विचारलं नाही.

चहा आला. ती म्हणाली, "दर्यापुरात मला आता आभाळीच म्हणतात. आधी खांब म्हणायचे. बढती झाली."

"किती आहे उंची?"

"पाच दहा. मामा स्थळांना पाच सहा लिहितात. मग पाहुणे येतात, मी पोहे घेऊन बाहेर येते, आणि मुलाकडचे मामांकडे पाहतात." तिनं बशीत चहा ओतला. "आठ झाले. नववा बसूनच होता, उठलाच नाही. मला वाटलं जमतंय. तर त्याचा पाय मुरगळला होता." ती स्वतःच हसली. "तुम्ही किती?"

"पाच चार."

"खरं?"

"खरं. मी कमी-जास्त लिहीत नाही."

"पहिलेच तुम्ही. बाकी सगळे दोन इंच वाढवून सांगतात."

आता लिहायला हरकत नाही. त्या वेळी मला तिच्याशी लग्न करायचं होतं. सहा-सात महिन्यांपासून. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सहा इंचांचा फरक, दोघं रस्त्यानं चाललो तर लोक काय म्हणतील, आई काय म्हणेल, हे सगळं माझं नीट मोजून झालं होतं आणि तरीही करायचं होतं. फक्त विचारायचं राहिलं होतं. वर्तमानपत्रात काम करणाऱ्या माणसाला रोज संध्याकाळपर्यंतचंच दिसतं. उद्याचं उद्या.

चहाचा कप खाली ठेवत ती म्हणाली, "कोकणात जागा निघाल्यात. सावंतवाडीकडे नव्यानं नकाशे करायचेत. स्वखुशीनं जाणाऱ्यांनी एकतीस मार्चच्या आत होकार द्यायचा. साहेब म्हणतात तुझा आदेश टाइप करून ठेवतो, फक्त सही कर." मग तिनं सरळ विचारलं, "जाऊ का?"

माझ्यासमोर तक्ता होता. घड्याळात सव्वातीन झाले होते.

"मालिका संपू द्या," मी म्हणालो. "मग बोलू."

"कधी संपते?"

"बारा भाग राहिलेत. शेवटचा अठ्ठावीस मार्चला."

तिनं बोटांवर मोजलं. "म्हणजे तीन दिवस हातात. चालेल. पण संपताना बोलाल ना?"

"बोलेन."

पावणेचारला अण्णासाहेबांनी तक्ता पाहिला. पाचव्या वर्गापाशी त्यांची भुवई वर गेली, पण त्यांनी तो ठेवला. मग म्हणाले, "आणि निंभोरकर बाई, यापुढं आभाळीच्या बाजूला घर, झाड, विहीर काही काढू नका. एकटी आभाळी. काढलंत की पोरं मोजतात."

"मग ती केवढी आहे हे कळणार कसं?"

"खाली छापतो ना आम्ही. वर्ग चौथा."

ती उठून उभी राहिली. अण्णासाहेबांना मान वर करावी लागली. "मी स्केल घालीन," ती म्हणाली. "नकाशाला असतं तसं."

"घाला, घाला," अण्णासाहेब म्हणाले आणि अग्रलेखाकडे वळले.

त्यानंतरचे बारा गुरुवार मी तारखांसह सांगू शकतो.

पहिला लिफाफा ७ जानेवारीला आला. पांढऱ्या कागदावर एकटी आभाळी, पाठमोरी, पदर खोचलेला. खाली बोटभर पट्टी. तिच्यात काळे-पांढरे चौकोन आणि लिहिलेलं, '१ इंच = ४० फूट'. सोबत चिठ्ठी, 'स्केल छापल्यास बरे होईल.' आमच्याकडे चित्राचा ब्लॉक डोमाजी लोणारे करायचा. चित्राचा फोटो घेऊन जस्ताच्या पत्र्यावर ॲसिडनं कोरायचा. पन्नाशीचा माणूस, बोटं पिवळी पडलेली. मजकूर सात ओळींनी जास्त झाला होता. मी डोमाजीला म्हणालो, "खालची पट्टी कापा."

"बाईनं मोजमाप देल्लं हाय जी. कापू?"

"जागा नाही."

त्यानं ब्लेडनं कापली. मी सुलभाला कार्ड टाकलं, 'जागेअभावी स्केल छापणे शक्य नाही. क्षमस्व.' चित्राखाली छापलं, 'आभाळी. वर्ग चौथा : देवळाच्या कळसाहून उंच.'

पुढच्या गुरुवारी पट्टी आलीच. मी "कापा" म्हणालो. त्याच्या पुढच्याही. चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून मी म्हणतही नव्हतो, डोमाजीच कापायचा. ब्लॉकचा ठसा माझ्याकडे तपासायला यायचा तो पट्टीशिवाय. मी वर्ग लिहायचो. गोष्टीत आभाळी गावोगाव दार ठोठावत होती. कुणी तिला माळरान देऊ करायचं, कुणी नदीचं कोरडं पात्र. ती आभार मानून पुढं जायची. चित्रात तिचा चेहरा हळूहळू पुढं वळत होता, एवढं माझ्या लक्षात आलं होतं. चांगली चित्रं होती. दर गुरुवारी लिफाफा उघडायच्या आधी मी तो थोडा वेळ तसाच ठेवायचो. त्याला ट्रेसिंगच्या शाईचा वास यायचा.

२२ फेब्रुवारीला तिचं कार्ड आलं. एकच ओळ. 'आभाळी अजून चौथ्यातच का?'

मी त्याच दिवशी उत्तर टाकलं. 'तक्त्यात मधेच बदल केल्यास वाचकांचा गोंधळ होतो. शेवटपर्यंत चौथाच राहील.'

त्यानंतर तिच्या चिठ्ठ्या थांबल्या. लिफाफे वेळेवर येत राहिले.

शेवटचा भाग गुरुवारी, २५ मार्चला आला. आभाळी गावाच्या टोकाच्या घरापाशी येते. आत एक माणूस दिव्याखाली लिहीत बसलेला आहे. तो मान वर करत नाही. शेवटचं वाक्य होतं, 'दार उघडे होते.'

मी ते तीनदा वाचलं. मला तो शेवट वाटला नाही. बावन्न आठवडे पोरं वाचत होती, त्यांना आभाळीला घर मिळालं की नाही हे सांगायला हवं. शिवाय चौथ्या वर्गाची राक्षसीण दारातून आत जाणार कशी? लगेच पन्नास पत्रं. मी पेन घेतलं आणि खाली एक ओळ घातली. 'मग आभाळी वळली आणि आपल्या डोंगराकडे कायमची निघून गेली.' गोष्ट पूर्ण झाली. पान वेळेत गेलं.

सोमवारी माझी साप्ताहिक सुट्टी होती. दर्यापूरला जायचं मी ठरवलं होतं. काय बोलायचं तेही ठरलं होतं. मूळ चित्रं परत द्यायला आलो असं निमित्त करायचं, म्हणून रविवारी दुपारी मी डोमाजीच्या खोलीत गेलो.

डोमाजीनं बारा चित्रं वर्तमानपत्रात बांधून ठेवली होती. प्रत्येकाला खाली टाचणीनं तिची पट्टी पुन्हा लावलेली.

"पूर्ण काम वापस गेलं पायजे," तो म्हणाला. "बाई नकाशेवाली हाय. तिचं मोजमाप आपन कापलं, हे काई मले बरं नोयतं वाटत." मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "साहेब, ही बाई बारीक काहून होत गेली?"

"कोण?"

"आभाळी. मले वाटलं तुमाले ठाऊक हाय."

मी चित्रं टेबलावर एका रांगेत मांडली. प्रत्येक चित्रात आभाळी कागदावर सारख्याच उंचीची होती. पट्ट्या सारख्या नव्हत्या. ४० फूट. ३०. २४. २०. १५. १२. १०. ८. ५. ३. २. शेवटच्या पट्टीवर लिहिलं होतं, '१ इंच = १ फूट'.

मी खिशातली पोलादी पट्टी काढून शेवटच्या चित्रावर ठेवली. टाचेपासून डोक्यापर्यंत पाच इंच आणि वर पाऊण इंचाहून थोडं जास्त. मी दोनदा मोजलं. पाच फूट दहा.

"आता दारातून जाते हे," डोमाजी म्हणाला. "थोडी वाकून."

मी पट्टी परत खिशात ठेवली.

"अन् आजच्या पेपरात तुमी तिले डोंगरावर धाडली."

सोमवारी सकाळी साडेदहाला मी दर्यापूरच्या भूमापन कचेरीत होतो. ती खिडकीपाशी काचेच्या टेबलावर वाकून बसली होती. मला पाहून उठली नाही. मी चित्रांचं बोचकं पुढं केलं. तिनं सोडलं, टाचण्या पाहिल्या.

"चला, ओट्यावर," ती म्हणाली.

बाहेर शेतकऱ्यांची गर्दी होती. आम्ही कडेला उभे राहिलो. पहिल्यांदाच मी तिच्यासमोर इतका वेळ उभा होतो.

"मी पट्ट्या वाचल्या नाहीत," मी म्हणालो.

"एकही?"

"पहिली वाचली. चाळीस फूट. बाकीच्यांवर तेच असेल असं धरलं."

"धरलं!" ती एवढ्यानं हसली की दोन-तीन फेटे आमच्याकडे वळले. "तिडके साहेब, तुम्ही? जोडाक्षराचा पाय मोडला तर कार्ड टाकता मला, आणि हे धरलंत?"

"धरलं."

"आणि शेवटची ओळ?"

"माझी."

"का?"

"चौथ्या वर्गाची दारातून जाणार नाही म्हणून."

तिचं हसू गेलं. ती बोचक्याची गाठ पुन्हा बांधू लागली. "काल सकाळी मी ती ओळ वाचली. म्हटलं, बरं झालं. बोलेन म्हणाले होते, बोलले. तुमचं मला तेच आवडायचं, कमी नाही, जास्त नाही. पंधरा मिनिटं झाली, आत सही करून आले."

"जाऊ नका," मी म्हणालो. हे वाक्य ठरवलेल्यांत नव्हतं.

ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. खाली पाहत राहिली असं लिहिणं जास्त अचूक.

"असं तोंडी नको," ती म्हणाली. "तुम्ही ते छापलंय. गावोगाव गेलंय. आमच्या शिपायानंही वाचलं, मला म्हणाला, बाई, बिचारी गेली डोंगरावर. तुमच्याकडे चूक झाली की काय करतात?"

"दुरुस्ती छापतात."

"मग छापा. येत्या रविवारी. शनिवारी मला मोकळी करतायत. रविवारी बाराच्या गाडीनं निघायचंय. पेपर इथं नऊला येतो." ती आत वळली, दारात थांबली. "सही परत घेता येते. साहेब ओरडतील, एवढंच."

मी परत आलो आणि त्या रात्री चार ओळी लिहिल्या. माझ्या नोकरीत इतका वेळ मी कशालाही लावला नाही.

'दुरुस्ती : गेल्या रविवारी "आभाळीचा शोध" मालिकेत छापलेली शेवटची ओळ लेखिकेची नव्हती. ती उपसंपादकाची चूक होती. आभाळी डोंगराकडे गेलेली नाही. तिची उंची पाच फूट दहा इंच असून ती कोणत्याही वर्गात बसत नाही. दार उघडे आहे.'

अण्णासाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "पोरांच्या पानावर दुरुस्ती? मनोहर, बरा आहेस ना?"

"चूक माझी आहे."

"ते दिसतंय." त्यांनी पुन्हा वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कोपऱ्यात सही केली. "जाऊ दे."

आमच्या दोन आवृत्त्या निघायच्या. तालुक्यांच्या गावांना जाणारी डाक आवृत्ती शनिवारी संध्याकाळी आठला छापायला जायची, कारण गठ्ठे एसटीनं पोचवायचे असत. शहर आवृत्ती त्यानंतर. ३ एप्रिलच्या संध्याकाळी मला नगरपालिकेच्या खास सभेला पाठवलं होतं. जाण्यापूर्वी मी बालपान पाहिलं. दुरुस्ती तिसऱ्या स्तंभाच्या तळाशी, चौकटीत होती. सभा लांबली. परत आलो तेव्हा शहर आवृत्ती छापली जात होती. एक प्रत उचलून पाहिली. दुरुस्ती जागेवर होती. मी घरी गेलो.

रविवारी सकाळी सातला कचेरीत डाक आवृत्तीची प्रत माझ्या टेबलावर होती. नेहमीच असायची. मी बालपान उघडलं. तिसऱ्या स्तंभाच्या तळाशी उन्हाळी वर्गांची जाहिरात होती. ती साडेसातला आली होती, छापखान्याच्या फोरमननं जागा करण्यासाठी चौकट उचलून ठेवली होती आणि शहर आवृत्तीत जाहिरात दुसऱ्या पानावर हलवून चौकट पुन्हा बसवली होती. असं तो नेहमी करायचा. मी त्याला तसं करायला शिकवलं होतं.

पावणेआठची गाडी मिळाली. दर्यापूरला पोचलो तेव्हा दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. ती ज्यांच्याकडे भाड्यानं राहत होती त्या बाई अंगणात धान्य निवडत होत्या.

"सुलभाबाई?"

"गेली नं बाप्पा, दहाच्या गाडीनं. मूर्तिजापूरले, रेल्वेसाठी." त्यांनी सूप खाली ठेवलं. "बाराची म्हने. पन पेपर आला, तिनं पाह्यला. सगळा पाह्यला, उलटा-सुलटा करून. मंग घडी केली अन् म्हने, काकू, निघतोच आता. तुमी कोन?"

"पेपरातला."

"मंग तुमीच पेपर पाठोता?"

मी हो म्हणालो.

शहर आवृत्तीतलं कात्रण आणि दोन पानांचं पत्र मी सावंतवाडीच्या कचेरीच्या पत्त्यावर रजिस्टर्ड पोस्टानं पाठवलं. त्या पत्रात मी सगळं स्पष्ट विचारलं होतं. पोचपावती २१ एप्रिलला आली, तिच्यावर तिची सही होती. उत्तर आलं नाही. जूनमध्ये आणखी एक पत्र पाठवलं. त्याचीही पोचपावती आली. डोमाजीचं म्हणणं होतं, "ते कात्रन तुमी एकट्या तिच्यासाठी छापलं, असं वाटलं असंन तिले. तिच्या गावात तं आलंच नोयतं नं." असेल. ऑक्टोबरात मी स्वतः सावंतवाडीला गेलो. ती मोजणीच्या पथकाबरोबर बाहेर होती, कुठल्या गावात ते कचेरीत कुणाला नक्की सांगता आलं नाही. मी दोन दिवस थांबलो. माझी रजा दोनच दिवसांची होती.

मी लग्न केलं नाही. त्याला हे एकच कारण होतं असं लिहिणं अचूक होणार नाही. डोमाजी १९९४ मध्ये वारला. मी २००९ मध्ये निवृत्त झालो. अजूनही कुणी उंच बाई रस्त्यानं चालली की मी तिच्या खांद्याशी माझी उंची लावून पाहतो आणि मग पुढं जातो.

या मार्चमध्ये भूमापन खात्यातल्या एका ओळखीच्या माणसानं जुन्या याद्या पाहून सांगितलं की सुलभा निंभोरकर ३१ मे २०११ रोजी मुख्य अनुरेखक, म्हणजे ट्रेसरच, म्हणून निवृत्त झाली आणि पेन्शन तिनं सातारच्या कोषागारातून घेतलं. मी सातारला फोन लावला. तिघांकडून चौथ्याकडे गेला. चौथा कारकून तरुण वाटला.

"तुमचं नातं काय काका?" त्यानं विचारलं.

मी म्हणालो, "नाही. नातं नाही."

"मग पत्ता नाही देता येणार." कागद उलटल्याचा आवाज आला. त्याला बहुधा वाईट वाटलं असावं. "पण एवढं सांगतो. गेल्या नोव्हेंबरचा हयातीचा दाखला जमा आहे. स्वतः येऊन सही करून गेल्यात."